शालूताईच्या आईची टेप

शालूताई गेली. मग प्रोग्राम चालला.

याच क्रमाने.

सगळे विचारतायत म्हणून एकदाच लिहिते. कमेंटमध्ये पुन्हा विचारू नका, प्लीज.

शालूताई आणि मी अकोल्याला एकाच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. पोरं तिला टरकून असायची. खरं सांगायचं तर मीही.

ती जेमतेम वर्षाची होती तेव्हा तिची आई टायफॉइडने गेली. साठच्या दशकातली गोष्ट. आईचा फोटो एकच, त्यातही पदर एवढा पुढे ओढलेला की चेहरा अर्धाच दिसतो.

पण एक टेप होती.

तिचे बाबा तेव्हा बडनेऱ्याला रेल्वेत. कोणाचंतरी स्पूलवालं टेपरेकॉर्डर क्वार्टरवर मागून आणलं आणि बायकोला म्हणाले, गा. ती लाजली. मग पोरीला मांडीवर घेऊन तिने बुद्धवंदनाच अंगाईसारखी म्हटली. धम्म घेऊन फार वर्षं झाली नव्हती, वंदना नीट पाठ नव्हती. अडली की नुसतं गुणगुणायची, आठवलं की पुढे म्हणायची.

शेवटी तिने पोरीला नावाने हाक मारली होती, असं बाबा मरेपर्यंत सांगायचे.

शालूताईला तेवढंच हवं होतं.

"मले गाणं नाई पायजे व. माह्या मायच्या तोंडून माहं नाव ऐकाचं हाय. एकदा."

टेप कॉम्प्युटरवर उतरवून आणली तर काय, नशीबच फुटकं! त्या काळची कमीजास्त होणारी लाइट, मशीन कधी हळू फिरलेलं, कधी जोरात. आई मधेच पुरुषासारखी घोगरी, मधेच चिरकी. शेवटी तर नुसती घरघर.

"हे माही माय नाई. भूत हाय," म्हणाली आणि लॅपटॉप धाडकन बंद केला.

मग स्वतःच प्रोग्राम लिहायला बसली. पायथॉनमध्ये. आवाजाचा वेग सरळ करायचं अवघड काम सी भाषेत कोणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या एका जुन्या लायब्ररीचं, पायथॉनने फक्त त्या लायब्ररीला बोलवायचं आणि टेप पुरवत राहायची. किमो तेव्हा सुरू झाली होती.

लहान तुकडा दिला की चालायचं. पूर्ण टेप दिली की मरायचं.

स्क्रीनवर दोनच शब्द, सेगमेंटेशन फॉल्ट. बस्स. पायथॉनची चूक असती तर कुठल्या ओळीत आहे ते तरी कळतं. सीमध्ये मेलं की मेलं, मागे काही सांगून जात नाही. कधी सुरुवातीलाच, कधी अगदी हाकेच्या तोंडाशी येऊन. शोधायला म्हणून मधे, कुठवर पोचलं ते स्क्रीनवर दाखवणारे प्रिंट टाकावेत तर मरायची जागाच बदलायची.

मी तोवर अमरावतीला राहायला गेले होते, रविवारी तिथून तिच्याकडे अकोल्याला जायची. ती उशीला टेकून, मांडीवर लॅपटॉप, हाताला सलाईनची सुई.

"काहून मरून रायलं व हे?"

"ताई, झोप ना जरा."

"पुढं झोपाचंच हाय मले. तू इकडं पाह्य."

तिने आधी टेपला शिव्या घातल्या, मग लायब्ररीला, मग माझ्या लॅपटॉपला. एका रविवारी तिने लॅपटॉप बाजूला सारला. म्हणाली,

"माह्या मायलेच नसन बोलाचं माह्याशी."

आणि रडली. शालूताई! मला इतका राग आला त्या मशीनचा, की उचलून खिडकीबाहेर फेकावं वाटलं.

शेवटी शेवटी तिला स्क्रीन दिसेना. सगळा कोड माझ्याकडे दिला. "तू पाह्य आता."

मी पाहत राहिले. ती गेल्या आठवड्यात गेली.

चूक काल सापडली.

कॉम्प्युटरवाले नसाल तरी कळेल, ऐका. पायथॉन घर आवरत असतं. जे कोणी हातात धरलेलं नाही ते बिनकामाचं समजून काढून टाकतं. आम्ही टेपचा पुढचा तुकडा देणारं एक छोटं फंक्शन बनवून त्याचा पत्ता सीला दिला होता, पण पायथॉनच्या बाजूने ते कोणीच धरून ठेवलं नव्हतं. पायथॉनने ते काढून टाकलं. सी बिचारं त्याच पत्त्यावर जात राहिलं. जागा अजून कोणी घेतली नसेल तोवर निभायचं, म्हणून लहान तुकडे चालायचे. दुसरं कोणी येऊन बसलं की खेळ खल्लास.

एक ओळ लिहायची होती. त्या फंक्शनला नाव देऊन धरून ठेवायचं. एवढ्यासाठी तिचे शेवटचे महिने गेले.

पूर्ण टेप चालली.

वंदना. अडते, गुणगुणते, पुढे जाते. किती कोवळा आवाज! आमच्या फर्स्ट इयरच्या पोरींएवढी असेल ती. मग बाळ रडायला लागतं. म्हणजे शालूताई रडते.

"बंद करा जी ते. भूक लागली तिले."

आणि मग, "शालू... अव शालू, इकडं पाह्य."

स्वच्छ. जराही घरघर नाही.

मी येड्यासारखी थांबले, कोणी ओ देईल म्हणून.

आता ती आईजवळ असेल, असं कृपा करून लिहू नका. ती असलं काही मानत नव्हती, मीही मानत नाही. तिला एकदा ऐकायचं होतं. तिला ऐकायला मिळालं नाही.

शालूताई, शेवटचा जय भीम.