तात्सू नव्हे, त्र्यंबक

माझे सासरे मिरजेहून अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावी आले ते १९८६च्या एप्रिलमध्ये. नाव त्र्यंबक आठल्ये, पण सगळे त्यांना तात्या म्हणत. वय एकाहत्तर, अंगकाठी बारीक, छातीपर्यंत पांढरी दाढी. मिरजेच्या व्यायामशाळेत त्यांनी चाळीस वर्षं काठी आणि दांडपट्टा शिकवला होता. सासूबाई गेल्यावर माझ्या नवऱ्याने, उल्हासने, त्यांना इकडे आणलं. उल्हास मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. तात्या दिवसभर घरात एकटे.

ते रागीट आहेत हे मला लग्नापासून ठाऊक होतं. पण मिरजेत त्यांच्या रागाला काम होतं. कुणाचा पवित्रा चुकला, कुणी उशिरा आलं, की ते कडाडायचे आणि समोरचा सुधारायचा. इथे तो राग टीव्हीवर, फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर आणि हीटरच्या घरघरीवर निघायचा. ऐकायला मीच.

जूनमध्ये ग्रोसरीला गेलो असताना शेजारच्या कराटे स्कूलच्या काचेपाशी ते थबकले. आत एक गोरा माणूस दहा-बारा जणांना काठी शिकवत होता. तात्या बघत राहिले आणि म्हणाले, “पायात जीव नाही आणि हात फिरवतोय गाढव.” मी अडवायच्या आत ते आत शिरले, त्याच्या हातातली काठी घेतली आणि फिरवून दाखवली. नुसता वाऱ्याचा आवाज येत होता, काठी दिसतच नव्हती. वर्ग थिजला.

तो गोरा माणूसच स्कूलचा मालक, नाव डेल. सैन्यात असताना तो तीन वर्षं जपानमध्ये राहिला होता. त्याने विचारलं, हे काय म्हणतायत? मी सांगितलं, तुमचा क्लास फार छान आहे म्हणतायत.

इथूनच माझी चूक सुरू झाली.

दर शनिवारी सकाळी तात्या तिथे शिकवू लागले. मी सोबत दुभाषी म्हणून. ते म्हणायचे, “ही बाई पोत्यासारखी उभी आहे.” मी इंग्रजीत सांगायची, थोडं रिलॅक्स व्हा. डेल म्हणायचा, म्हातारा क्यूट आहे. मी मराठीत सांगायची, त्याला तुमच्याबद्दल आदर वाटतो. दोन्हीकडे खुशी. मला वाटायचं मी घर सांभाळतेय. तात्या जेवायला लागले होते, झोपायला लागले होते, आणखी काय हवं?

डेलच्या ऑफिसात जपानी चित्रकथांची जाडजूड पुस्तकं होती, तिकडून आणलेली. एकदा त्याने त्यातलं एक तात्यांना कौतुकाने दाखवलं. त्यात एक बुटका, दाढीवाला गुरू होता. शिष्यांच्या डोक्यात काठी हाणणारा, दारू पिऊन हसणारा. शेवटी शत्रू त्याला मारतात. तात्यांनी पानं उलटली आणि विचारलं, याला का मारला? डेल म्हणाला, म्हातारा मेल्याशिवाय हिरोला राग कसा येणार? हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. तात्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात डेलने मॉलमध्ये प्रात्यक्षिक ठरवलं. शेवटी छोटं नाटक होतं. काळ्या कपड्यातले दोघे म्हाताऱ्या गुरूला मारतात, गुरू कोसळतो, मग डेल येऊन बदला घेतो. तोवर गुरूने त्याच्या पायाशी निपचित पडून राहायचं. मी तात्यांना एवढंच सांगितलं की शेवटी जरा खाली बसायचंय. डेलने जपानी झगा पाठवला, तो मी तात्यांना युनिफॉर्म म्हणून खपवला. आणि डेलने छापलेलं पोस्टर मी आठवडाभर आधी पाहिलं होतं. पाहून गप्प बसले होते.

पण तात्या जुने मॅट्रिक. त्यांना इंग्रजी बोलता येत नसलं तरी अक्षरं लागत होती. मॉलमध्ये स्टेजच्या बाजूला ते पोस्टरपुढे उभे राहिले आणि बोट फिरवत वाचू लागले. मास्टर तात्सू. फ्रॉम जपान. खाली चित्र, दाढीवाला गुरू डेलच्या पायाशी मरून पडलेला.

“हा तात्सू कोण?”

मी म्हटलं, त्यांना तात्या म्हणायला जड जातं.

“आणि जपान? तेही जड जातं का?”

तेवढ्यात कार्यक्रम सुरू झाला. दीड-दोनशे माणसं जमली होती. तात्या स्टेजवर गेले, कारण शिष्य उभे होते आणि शिष्यांना तिष्ठत ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी काठी उचलली नाही तोच समोरून एक माणूस ओरडला. पन्नाशीचा, मोटार कामगारांच्या युनियनचं जाकीट घातलेला. त्या वर्षांत आमच्या भागात जपानी गाड्यांवरून माणसं पेटलेली होती. त्यांच्यापुढे इथल्या गाड्या खपेनात, कारखान्यांतल्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. लोक त्याच्याकडे वळून बघू लागले. कुणी हसलं, कुणी त्याला गप्प बसायला सांगितलं.

तात्यांनी काठी खाली टेकवली. “तो काय म्हणतो?”

मी म्हणाले, काही नाही, तुम्ही सुरू करा.

“वीणा. तो काय म्हणतो?”

मी सांगितलं. तो म्हणतो, जपानला चालता हो, तुझ्यामुळे माझी नोकरी गेली.

तात्यांनी मला स्टेजवर बोलावलं. डेल कडेने हातवारे करत होता, त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाले, “आता मी बोलतो ते शब्द न् शब्द सांगायचं. पाणी घालायचं नाही.”

मी माइक हातात घेतला. ते मराठीत एकेक वाक्य बोलत होते, मी ते इंग्रजीत सांगत होते.

“माझं नाव त्र्यंबक गणेश आठल्ये. मी मिरजेचा. मी जपान पाहिलेलं नाही. हा झगा माझा नाही. या माणसाने माझं नाव बदललं, गाव बदललं आणि आता मी याच्या पायाशी मरून पडावं अशी याची इच्छा आहे. मी मरणार नाही.”

कुणीतरी टाळी वाजवली, नाटकातलंच समजून. मग तात्या त्या जाकीटवाल्याकडे वळले. “मी जपानी असतो तरी तुझी नोकरी मी घेतली नसती. ज्याने तुला काढलं त्याच्या दारात असा ओरडलास का? की ओरडायला म्हातारा माणूसच सापडला?”

त्या माणसाचा चेहरा लाल झाला. हातातला कोकचा ग्लास त्याने स्टेजवर भिरकावला आणि एक घाणेरडी शिवी देऊन तो निघून गेला. मी तीही मराठीत सांगितली. तात्यांनी झगा उतरवला, घडी करून डेलच्या हातात दिला आणि बंडी-पायजम्यावर पार्किंग लॉटकडे चालू लागले.

डेलने मला सुनावलं. माझा धंदा बुडवलात, मी तुमच्या म्हाताऱ्याला चान्स दिला होता. घरी उल्हास भडकला. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी हा प्रकार पाहिला होता. “तात्या, मला इथे नोकरी करायचीय. लोक आधीच आपल्याकडे कसे बघतात माहितेय ना?”

तात्या म्हणाले, “कसे बघतात ते मला आजच कळलं. तुम्हा दोघांना आधीपासून माहीत होतं.”

माझ्याशी ते अकरा दिवस बोलले नाहीत. मी केलेलं जेवायचे, ताट स्वतः धुवायचे. मलाही राग येत होता. मी काय वाईट केलं होतं? दोन नोकऱ्यांच्या घरात एका म्हाताऱ्याचा दिवस बरा जावा एवढंच बघितलं होतं. बाराव्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले आणि हे त्यांना तोंडावर सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा.

ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “अगं, माझी बायको गेली, गाव गेलं, भाषा गेली. राग तेवढा माझा उरला होता. तो माझ्या तोंडातून घेतलास आणि त्याची साखर करून वाटलीस. ती माणसं वर्षभर शिकलीच नाहीत. चुकतंय हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.”

 माफ कर असं त्यांनी म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बोलणं सुरू झालं.

जुलैमध्ये डेलच्या वर्गातली एक बाई घर शोधत आली. ती स्कूल बस चालवायची. तिने विचारलं, मला खरं शिकवाल का? तात्यांनी मागच्या अंगणात तिला उभं केलं आणि पहिल्याच मिनिटाला म्हणाले, पोतं. मी म्हटलं, ते तुम्हाला पोतं म्हणतायत. तिचे डोळे भरले. तात्यांनी वाट पाहिली. तिने पाय फाकवले, गुडघे वाकवले आणि पवित्रा धरला. वर्षभरात पहिल्यांदा बरोबर.

हळूहळू पाच जण झाले, त्यात दोन आमच्या मराठी मंडळातल्या बायका. हिवाळ्यात गाड्या बाहेर काढून गॅरेजमध्ये आखूड काठीने वर्ग चालायचा. तात्या सगळ्यांवर ओरडायचे, थंडीवरसुद्धा.

१९८९च्या डिसेंबरात डेल आला. हातात डोनट्सचा खोका. त्याने सांगितलं की स्कूल बंद पडलं, आणि म्हणाला, चुकलं माझं. मी आत जाऊन तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, त्याचं तोंड बघायचं नाही. उल्हास म्हणाला, झोपलेत म्हणून सांग. मी दारात जाऊन डेलला म्हणाले, त्यांना तुम्हाला भेटायचं नाही.

तो खोका बर्फातल्या पायरीवर ठेवून गेला. डोनट्स वर्गातल्यांनी खाल्ले. तात्यांनी एकही उचलला नाही. ते चार वर्षांनी गेले, तोवर त्यांनी त्याला क्षमा केली नव्हती.