सव्वा तासाचा भाऊ

पडद्यांच्या दुकानात कापड बेतणाऱ्या ताईला एका वाक्याची मनापासून चीड आहे. वाक्य तिच्या धाकट्या भावाचं: "सव्वा तासाचं तर विमान आहे. केव्हाही येतो."

दुसऱ्या शहरात नोकरी लागली तेव्हा तो हे पहिल्यांदा म्हणाला आणि वडिलांनी ते मनावर घेतलं. 'निघतोय' असा त्याचा फोन आला की ते दाढी करायचे, बूट चढवायचे आणि दाराशी खुर्ची टाकून बसायचे. सव्वा तास उलटला की ताईला विचारायचे, "काही झालं नसेल ना गं?" तेव्हा भाऊ अजून त्याच्याच शहरात, विमानतळाच्या रस्त्यावर अडकलेला असायचा. पुष्कळदा तर घरीच.

या वेळी प्रश्न वडिलांच्या डोळ्याचा होता. शस्त्रक्रिया लांबली तर उजव्या डोळ्याची नजर जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. वडिलांचा हट्ट एकच, मुलगा आल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही. दोन तारखा त्यापायी गेल्या. दोन्ही वेळा भावाची मीटिंग लांबली आणि ताईने वडिलांना रुग्णालयातून तसंच घरी आणलं.

तिसऱ्या तारखेला वडील बूट घालून वॉर्डातल्या खाटेवर बसलेले असताना भावाचा फोन आला.

"आज खरंच निघालोय, ताई. विमान जरा उशिरा आहे. डॉक्टरांना थांबव, सव्वा तासाचा तर प्रश्न."

"खिडकीएवढाच पडदा कापतोस होय रे?" ताई कडाडली. "दुमड कोण धरणार? चुण्या कोण धरणार? तिकडचा रस्ता, तिथली रांग, इकडे उतरून पुन्हा रस्ता, हे काय तुझ्या सासऱ्याने मोजायचं?"

"सासऱ्यांना कशाला मध्ये आणतेस?"

तिने फोन बंद केला. "बाबा, बूट काढा."

"येतोय ना तो?"

"येऊ दे. डोळा तुमचा आहे. आंधळं होऊन त्याची वाट बघायची असेल तर खुशाल बसा. मी चालले दुकानात."

शेजारच्या खाटेवरचा माणूस भिंतीकडे वळला. वडील वाकून बुटाची नाडी सोडू लागले. गाठ सुटेना. ताईने ती सोडवली, जरा हिसका देऊनच.

भाऊ उगवला तो अंधार पडताना. वडील पट्टी बांधून पडले होते. डोळा वाचल्याचं डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या. भावाने बॅग आदळली.

"उजाडायच्या आत घर सोडलंय! अख्खा दिवस गेला. पाठीचा पार भुगा झाला."

"का रे?" ताई म्हणाली. "सव्वा तासाचं तर अंतर."

खाटेवरून वडिलांचा आवाज आला, "दमलाय गं तो. पाणी दे त्याला."

ताई स्टुलावरून हलली नाही.

"पाण्याचा जग कोपऱ्यात आहे," ती म्हणाली. "जवळच."