सुनंदाताईंची मान सैल का होईना

सुनंदाताई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मला रडू यायचंच बाकी होतं. मान पुन्हा तश्शीच, लाकडासारखी. मी नारायणगावात अ‍ॅक्युपंक्चर करते. म्हणजे केसाएवढ्या बारीक सुया ठरावीक जागी टोचून आखडलेला स्नायू सैल करते. सुनंदाताई बोरी बुद्रुकच्या. सुया लावल्या की मान मोकळी व्हायची, दोन दिवसांत पुन्हा जैसे थे. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. कांदा रानात उभा, आणि घरात खुरपं धरणाऱ्या दोघीच, त्या आणि त्यांची जाऊ.

उशी बदला म्हटलं, बदलली. डोक्यावर ओझं नको म्हटलं, बंद केलं. एक्स-रे पाहिला, त्यात वयाला शोभेल एवढीच झीज. माझं डोकंच चालेना. टोचायची जागा चुकतेय का, म्हणून कॉलेजची पुस्तकंही काढून पाहिली.

त्या दिवशी त्या थेट रानातून आलेल्या; सुया लावल्यावर मला मानेवर ताजा वळ दिसला. दोन बोटं रुंद, कानाखालून पार मागे गेलेला. नवरा बाहेर बाकावर बसला होता. मी दार लोटलं आणि हळूच विचारलं, घरात कोणी हात उगारतं का, गळा धरतं का?

त्या हसायलाच लागल्या. हलू नका, सुया आहेत, म्हणून मला दटावावं लागलं.

"अवो मॅडम, पट्ट्याचा वळ हाय त्यो."

कसला पट्टा? मला काही उमजेना. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. तो गाडीच्या डिकीतून चामड्याचा जाड पट्टा घेऊन आला, बाहेरून टोकदार खिळे ठोकलेला. वाकून खुरपणाऱ्या बाईला बिबट्या मागून मानेलाच धरतो, म्हणून रानात गळ्यात घालायचा. असे पट्टे निघालेत हे मीही ऐकून होते. पण माझ्याकडे येताना त्या तो काढून डिकीत टाकायच्या. दवाखान्यात गळ्यात पट्टा घालून जायचं म्हणजे लोक काय म्हणतील!

कप्पाळ माझं! आठ दिवस पट्टा काढा, मान सुटेल, असं मी ठणकावलं.

"काढते की," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग त्ये आठ दिवस माझ्या मागं कोन बघनार? तुमी येता का?"

हे कोणी शिकवलं नव्हतं. परवाच शेजारच्या उसातून बिबट्याने शेळी नेलीय, हेही तेव्हा कळलं. म्हणजे नुसता पट्ट्याचा भार नव्हता. खांदे कानापर्यंत चढवून बाई दिवसभर मागे वळून बघत होती. ती मान माझ्या सुयांना काय दाद देणार?

काढा म्हणू की घाला म्हणू, मलाच समजेना. शेवटी पट्ट्याला आतून मऊ कापड शिवायला सांगितलं. आणि खुरपताना जावेकडे तोंड करून बसा, तिने तुमच्या मागे बघायचं, तुम्ही तिच्या. यावर सुनंदाताईंचं तोंड उतरलं. वाटणीच्या बांधावरून दोघींचं बोलणं बंद होतं.

"बघायला बोलावं लागत न्हाई," नवरा म्हणाला.

हात आता वर जातो. कांदाही निघाला. मान थोडी सुटलीय, पूर्ण नाही. मागच्या वेळी जावेला घेऊन आल्या, दोघी पट्टे घालूनच. जावेचीही मान धरलीय. उसात बिबट्या आहे तोवर पट्टा सुटत नाही, आणि पट्टा सुटत नाही तोवर माझी गिऱ्हाइकं तुटत नाहीत. ही तुटलेली मला चालतील.