निम्मं मागं ठेव

रक्ताची नळी हातात आली की ताई ती आधी खिडकीच्या उजेडात धरायची, मग त्या रक्ताचे दोन भाग करायची. एक माझ्या टेबलावर, दुसरा झाकण घट्ट लावून फ्रीझरमध्ये.

"निम्मं मागं ठेवायचं," एवढंच म्हणायची.

कशाला, असं विचारलं की, "लागलं तर?"

आणि नाही लागलं तर?

"तर नाय लागलं."

पनवेलच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती. उरणकडच्या कोळ्यांची, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी. सगळे तिला ताई म्हणत. मी तिची वरिष्ठ. नवीकोरी एम.एस्सी., इस्त्रीचा पांढरा कोट आणि मान इतकी ताठ की बघणाऱ्याला वाटावं, लचक भरलीय. आज ती मुलगी मला भेटली तर मी तिला आदराने बसायला सांगेन आणि ती बसता बसता खुर्ची ओढून घेईन.

आमचं काम असं. हिवतापाच्या गोळ्या घेतलेल्या माणसाच्या रक्तात औषध किती उतरलंय, ते मोजायचं. रक्तातून औषध वेगळं काढून पाण्यासारख्या द्रवात घ्यायचं आणि यंत्रात सोडायचं. यंत्र कागदावर रेघ ओढत जाई. औषध आलं की रेघ वर चढून खाली उतरे. औषध जास्त, तर टोक उंच. माप ठाऊक असलेलं औषधही आम्ही बरोबरीने चालवायचो आणि त्याच्या उंचीशी ताडून बघायचो. ताई त्या टोकांना डोंगर म्हणे. "हा प्रबळगड. हा नुसता शेताचा बांध."

एकदा नेऱ्याकडच्या पाड्यांवरून वीस जणांचं रक्त आलं. मी हट्टाने मागवलेल्या काचेच्या नळ्या नुकत्याच आल्या होत्या. लखलखीत, पण मोजक्या. म्हणून नेऱ्याच्या रक्तातलं औषध मी काचेत ठेवलं आणि आमचं मापाचं औषध जुन्या, डागाळलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत. पाहुण्यांना नवी कपबशी, घरच्यांना कान तुटलेली. डोक्यात रसायनशास्त्र होतं, हाताला वळण मात्र आईच्या स्वयंपाकघरातलं.

शनिवारी वीज गेली, म्हणून यंत्र सोमवारी चालवलं; तोवर सगळं त्या नळ्यांतच राहिलं. मापाचे डोंगर ठीक आले. नेऱ्याचे वीसच्या वीस बांध निघाले.

"यांनी गोळ्या घेतल्याच नाहीत," मी जाहीर केलं.

म्हणजे समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावणारी तिथली आरोग्यसेविका वहीत खोटं लिहीत होती. तिच्याविरुद्ध आधीच तक्रार गेलेली. आमच्या अहवालावर तिची नोकरी जाणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. आकडा सापडल्याच्या आनंदात होते.

अहवालावर दोन सह्या लागत. मी माझी केली, लफ्फेदार. ताईने पेनाला टोपण लावलं.

"मी नाय करत."

"का?"

"वीस माणसं हाईत. एकानं तरी गोळी गिळली असल ना? एक तरी डोंगर पायजे."

"ताई, यंत्र खोटं सांगतं का?"

"यंत्राचं कोण बोलतंय? इथं आपण दोघी पण हाव ना."

प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिला समजावलं, मग आवाज चढवला. सही करा, नाहीतर घरी बसा. तिने स्टूल ओढलं आणि फ्रीझरसमोर बसली.

"घरी कशाला? इथंच बसते. निम्मं मागं हाय. परत मोजा."

शेवटी साहेब वैतागून हो म्हणाले. काचेच्या नळ्या धुवायच्या पडलेल्या, म्हणून या खेपेला सगळंच प्लास्टिकमध्ये झालं. आणि नेऱ्याचे डोंगर एकामागून एक उभे राहिले.

तेव्हा मी काय म्हणाले असेन? तुम्ही भली माणसं, भलताच चांगला अंदाज कराल. मी म्हणाले, "ताई, तुम्ही यात औषध टाकलंत."

ताईने बाही वर केली.

"माझं रक्त काढ. औषध तूच घाल, मोजून. मी बोट लावणार नाय. दोन खेपांत वेगळं काय होतं? नळ्या. मग निम्मं काचेत ठेव, निम्मं प्लास्टिकात."

मी सुई घेतली. शीर दोनदा चुकली.

"कोलंबी सोलतेस काय ग?" ती म्हणाली. हात मात्र मागे घेतला नाही.

दोन दिवसांनी कागद बाहेर आला. रक्त एकच, औषध एकच. प्लास्टिकमधलं जवळजवळ सगळं परत मिळालं. काचेतलं बरंचसं गायब. ते माझ्या लखलखीत काचेलाच चिकटून बसलं होतं.

सेविकेची नोकरी राहिली. नोंदवहीत 'तांत्रिक अडचण' एवढंच लिहा, असं साहेब म्हणाले. मी खुशीत लिहायला घेतलं, तर ताईने पानावर पंजा ठेवला.

"त्या बाईचं नाव लिवताना हात थांबला नव्हता. आता तुझं लिव."

लिहिलं. नाव, नळ्या, चूक, सगळं. मग तिने खाली सही केली, सुट्या सुट्या अक्षरांत, आणि डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "घे, बोंबील. काचेतून नाय आणले."

ती प्रयोगशाळा केव्हाच बंद झाली. ताईही गेली. तिचा फ्रीझर कोणी नेला, मला माहीत नाही.

परवा रक्त तपासायला गेले होते. नातीच्या वयाच्या मुलीने सफाईने रक्त काढलं.

"निम्मं मागं ठेव," मी म्हटलं.

"आजी, तसं नसतं. आमच्याकडे सगळं मशीनच करतं."

"मशीनचं कोण बोलतंय? तू पण आहेस ना इथं?"

"सर ओरडतील."

"ओरडू देत."

कोपऱ्यात एक स्टूल होतं. ते मी फ्रीजसमोर ओढलं आणि बसले. बाही वर होती, ती तशीच राहू दिली.