डाव्या पायाखाली

ट्रकमध्ये चढण्याआधी ते चपला काढायचे. देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा, दोन्ही नीट जोडून. मग त्या उचलून सीटमागे ठेवायच्या आणि अनवाणी पायांनी आत बसायचं. बसल्यावर तळहात डॅशबोर्डवर. त्या वेळी कुणी काही विचारलं तर उत्तर एकच: "थांबा, आधी तिला बोलू द्या."

तुम्ही दोघांनी त्यांना पाहिलं आहे. मागच्या खेपेला बिदरला, इथे नौबादला आलात तेव्हा त्यांनी तुम्हाला जुन्या डिझेल ट्रकमध्ये बसवून गिरणीच्या आवारात चकरा मारल्या होत्या. धाकटीला हॉर्न वाजवू दिला, आणि तिने तो इतका वाजवला की तुमचा मामा ऑफिसातून ओरडत बाहेर आला. परवा फोनवर तिनेच विचारलं, "आजी, ते बिनचपलांचे अण्णा कुठे आहेत?" मी म्हटलं, "निवृत्त झाले."

ते खरं नव्हतं. खरं काय ते फोनवर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

अण्णा खजुरीचे, आळंद तालुक्यातले. तीस वर्षं आमच्या डाळ गिरणीचा ट्रक त्यांच्या हातात होता. मला ते अक्का म्हणत. सगळा जन्म गाडीत गेलेला, पण बोलणं हळू, जणू समोरच्याचं वाक्य संपल्यावरही थोडी जागा सोडायची सवय. ट्रक भरून झाला की गेटपर्यंत जायचे आणि तिथूनच सांगायचे, "एक पोतं ज्यादा बसलंय." मामा चिडून पुन्हा मोजायचा आणि बहुतेक वेळा एक पोतं उतरवायचा. "तुम्हाला कसं कळतं?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बुडाला कळतंय, अक्का. आता हे तुमच्यासमोर कसं सांगू!"

दोन वर्षांपूर्वी मामाने इलेक्ट्रिक ट्रक घेतला. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, अण्णा चपला काढून चढले. किल्ली फिरवली आणि तळहात ठेवून बसून राहिले.

"चालू झाली का?" त्यांनी विचारलं.

"झाली की," मामा म्हणाला.

"मग बोलत न्हाई कामून?"

हमाल इतके हसले की एकाच्या हातातला हार खाली पडला. त्यात क्लचही नव्हता. अण्णांचा डावा पाय दिवसभर क्लच शोधायचा आणि न सापडल्याने जमिनीवर टेकून राहायचा. हमाल चिडवायचे, "अण्णा, डाव्या पायाला पेन्शन बसलं बघा!" अण्णा म्हणायचे, "तीस वर्षं राबलाय. बसून खाऊ दे की त्याला. तुमचं काय जायलंय?"

पण तो पाय बसून खात नव्हता. महिन्याभरात ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. गिरणीचा इंग्रजी पत्रव्यवहार लग्न होऊन आल्यापासून माझ्याकडे आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या फायली आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्यांची तुमची आई अजून थट्टा करते.

"अक्का, गाडी थरथरायली."

नवी गाडी! मामा स्वतः चालवून आला. म्हणाला, काहीच नाही. तरी कलबुर्गीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी पाठवली. त्यांनी चाकं बॅलन्स करून परत दिली. अण्णा खटकचिंचोळीला डाळ उतरवून आले आणि पुन्हा टेबलाशी. "हायच." दुसऱ्यांदा टायर बदलले. "हायच." तिकडचे इंजिनिअर लॅपटॉप जोडून बसले, भरलेल्या गाडीतून रिंगरोडला फिरून आले. पडद्यावर दोष दिसेना. प्रत्येक फेरीत गाडी दोन-तीन दिवस अडकायची, मालाचा खोळंबा व्हायचा. शेवटी तिथल्या मॅनेजरने मामाला फोनवर विचारलं, "गाडी ठीक आहे. ड्रायव्हर ठीक आहे ना?"

इथे मला एक मागचं सांगायला हवं. त्याच वर्षी मी गिरणीत आरोग्य तपासणी ठेवली होती. अण्णांना थोडी शुगर निघाली. ते कागद घेऊन माझ्याकडे आले, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाले, "अक्का, हे तुमच्या फायलीत राहू द्या. डायव्हरला शुगर हाय म्हणून कळलं की कुणी गाडी देत न्हाई." मी शब्द दिला. डॉक्टरांनी अनवाणी फिरू नका असं सांगितलं होतं, म्हणून मी त्यांना नाडीचे काळे बूट आणून दिले. ते बूट घालून घरून निघायचे, गेटमध्ये मला दाखवायचे, आणि गेटच्या बाहेर गाडी वळली की काढून ठेवायचे. ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं.

गाडी तिसऱ्यांदा तशीच परत आल्यावर ते म्हणाले, "अक्का, तुम्ही लिहून द्या. माझं बोलणं त्यांच्या ध्यानात येईना. तुमचं इंग्रजी बघितलं की खाली वाकून बघतील."

मी लेटरहेड घेतलं. ते उभ्यानेच सांगू लागले, मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"लिहा. गाडी रिकामी असली की. भरल्यावर न्हाई. ओढ्याचा उतार लागला, पाय काढला, की. डाव्या पायाखाली, बोटांच्या बाजूला. म्हशीच्या अंगावर माशी बसली की तेवढंच कातडं हलतंय बघा, सगळी म्हैस हलत न्हाई. तसं."

मी मान डोलावली. पत्र संध्याकाळी निवांत बसून लिहिलं. इंग्रजी पत्रात म्हैस कशी घालणार? उघड्या पायाची बोटं कशी घालणार? ट्रक अनवाणी चालवला जातो हे वाचून ते लोक काय म्हणतील? मी सगळं स्वच्छ केलं. 'अधूनमधून कंपन जाणवते,' एवढं एक नेटकं वाक्य उरलं.

पत्र आखूड वाटायला लागलं. शिवाय मॅनेजरचा प्रश्न मनात होता. आपण हट्टी गिऱ्हाईक नाही, दोन्ही बाजू पाहणारे शहाणे लोक आहोत, असं मला दिसायला हवं होतं. म्हणून मी शेवटी लिहिलं: आमचा ड्रायव्हर जुना आणि प्रामाणिक आहे, मात्र त्याला मधुमेह आहे, आणि अशा रुग्णांना पायात मुंग्या येतात हे लक्षात घेता त्याच्या तक्रारीचा योग्य तो विचार व्हावा.

लिहून झाल्यावर मला ते वाक्य आवडलंसुद्धा.

सकाळी त्यांनी पत्र दोन्ही हातांनी घेतलं. "म्हशीचं लिहिलंत न्हवं, अक्का?"

"सगळं लिहिलंय," मी म्हटलं.

त्यांनी घडी घालून ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि बटण लावलं. कलबुर्गीपर्यंत शंभरावर किलोमीटर ते माझं पत्र छातीशी घेऊन गेले.

परत आले तेव्हा मी अंगणात तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी किल्ली कट्ट्यावर ठेवली, किल्लीशेजारी पत्र ठेवलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"वाचून दाखवलं त्यांनी. कानडीत. मोठ्यानं. धा-पंधरा डायव्हर हुते तिथं, आपल्या बिदरचे बी हुते." त्यांनी पत्र किल्लीखाली सरकवलं. "तुमचं अक्षर लई चांगलं हाय म्हणाले."

मधुमेहाचं कळल्यावर मामाने त्यांना गोदामावर बसायला सांगितलं, बिनकामाचे नाहीत हे दाखवायला. ते म्हणाले, "न्हाई, मालक. मला पोती राखायला येत न्हाई." पंधरा दिवस नौबादच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे ते फिरत होते असं कानावर आलं. सगळ्यांनी चहा दिला. गाडी कुणी दिली नाही. मग ते खजुरीला गेले.

त्या दिवसांत मी एकदा त्यांची फाईल काढली. तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचून पाहिल्याची नोंद होती. डावा पाय, उजवा पाय, दोन्हींपुढे एकच शेरा: संवेदना उत्तम. कागद माझ्याच हाताने पंच करून लावलेला होता. पत्र लिहिताना तो माझ्यापासून चार पावलांवर कपाटात होता.

तीन महिन्यांनी नव्या ड्रायव्हरचा फोन आला. खटकचिंचोळीहून रिकामा परतताना ओढ्याच्या उतारावर खालून धाडकन आवाज झाला होता आणि गाडी थांबली होती. गाडी ओढून गिरणीत आणली, मेकॅनिक खाली शिरला. मोटर ज्या रबरी पॅडांवर बसवलेली असते त्यातलं डावीकडचं एक पहिल्यापासून चिरलेलं होतं. गाडी ओढताना चीर मिटायची. उतारावर पाय काढला की मोटर गाडीला उलटी धरून ठेवते, तेव्हा ती उघडायची; भरलेल्या गाडीच्या वजनात ते थरथरणं दबून जायचं. मेकॅनिक हात पुसत मला म्हणाला, "मॅडम, रिकाम्या गाडीला, उतारावर, डावीकडून येतं, एवढं कुणी सांगितलं असतं तर तासाभराचं काम होतं."

मी त्याच्याकडून ते तुटलेलं रबर मागून घेतलं.

त्यानंतर एकदा आळंदची डाळ निघाली तेव्हा मीही ट्रकमध्ये बसले. मामाने विचारलं, या वयात कशाला? मी म्हटलं, काम आहे. वाटेत चार्जिंगला दीड तास थांबलो. आळंदला माल उतरवला आणि रिकामी गाडी घेऊन खजुरीला गेलो.

अण्णा गावातल्या पिठाच्या गिरणीवर बसत होते. भुवयांवर पीठ. एक तळहात जात्याच्या पेटीवर. मला पाहून ते उठले, टॉवेलने बाक पुसला. माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. मी दिलेले काळे बूट. नाड्या बांधलेल्या.

"घालायलात की," मी म्हटलं.

"आता घालतो. आता काय ऐकायचंय पायाला?"

मी पिशवीतून रबर काढून दिलं. त्यांनी ते फिरवून पाहिलं, चिरेतून बोट फिरवलं. "डावं," ते म्हणाले. मी म्हटलं, "व्हय, अण्णा. डावं." एवढीच माझी माफी. ठरवून आणलेली वाक्यं होती, ती आली नाहीत.

त्यांऐवजी मी दुसरं पत्र पुढे केलं. इंग्रजीत, नव्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट: हा माणूस किती कुशल आहे, आमची चूक कशी झाली, कुणीही निर्धास्तपणे यांना गाडी द्यावी. त्यांनी हात पुढे केला नाही.

"वाचा आधी. आपल्या बोलीत. मग घेतो."

मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. ते डोळे मिटून ऐकत होते. या वेळी मी म्हैसही घातली होती, ती ऐकून त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. तिसऱ्या परिच्छेदापाशी मी एक क्षण थांबले आणि पुढचं वाक्य सोडून खालच्या ओळीवर गेले.

डोळे न उघडता ते म्हणाले, "एक राहिलं, अक्का."

"कुठे?"

"तुम्ही दम घेतलात तिथं. काय हाय ते?"

मग मला वाचावं लागलं. 'त्यांचा मधुमेह पूर्णपणे नियंत्रणात आहे.' मी चांगल्या मनाने लिहिलं होतं. पत्र पूर्ण असावं म्हणून लिहिलं होतं. घरी तीनदा तपासलं तेव्हा ते मला खुपलं नव्हतं. त्यांच्यासमोर, त्यांच्या बोलीत म्हणायची वेळ आली तेव्हा खुपलं.

त्यांनी डोळे उघडले. पत्राची घडी त्यांनीच घातली आणि माझ्या पिशवीत, चष्म्याच्या डबीशेजारी, ठेवून दिली. "राहू द्या तुमच्याजवळ. तुमच्या फायलीत बरं राहील," ते म्हणाले. टोमणा होता का? मला आवाजात तसं काही जाणवलं नाही. ते नेहमी बोलत तसेच बोलले.

मी निघाले. ते ट्रकपर्यंत सोडायला आले आणि दारावर तळहात ठेवून उभे राहिले. मग नव्या ड्रायव्हरला म्हणाले, "जरा बाजूला सरक, बाबा. त्या उतारापर्यंत." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. अण्णांनी वाकून नाड्या सोडल्या. बूट नीट जोडून, उचलून सीटमागे ठेवले आणि चढले.

गावाबाहेरच्या उतारावर त्यांनी पाय काढला. डावा पाय जमिनीवर पसरलेला होता, बोटं फाकवलेली. उतार संपला तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली.

"गप हाय आता," ते म्हणाले. ते उतरले आणि आलेल्या वाटेने परत चालू लागले. गाडीला आवाज नाही, त्यामुळे आम्ही निघाल्याचं त्यांना कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी वळून पाहिलं नाही.

नौबादला पोचल्यावर सीटमागे बूट दिसले. विसरले की ठेवून गेले, मला ठरवता येत नाही. नवा ड्रायव्हर दर आठवड्याला विचारतो, "आजी, हे काढू का?" मी म्हणते, राहू दे, नेऊन द्यायचे आहेत.

आळंदची डाळ त्यानंतर पाच वेळा गेली आहे. मी बसले नाही.