मूळजीशेठनी काढलेलं पान

मांडवी बंदरावरच्या, खलाशांच्या खारवा वाड्यातल्या हेमीबेन मालम इंग्रजी शिकवतात, हे ऐकून त्यांच्या बरोबरीचे लोक अजून हसतात. हसणारच! बाई मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलेल्या. तिसऱ्या खेपेला पास झाल्या त्या खलाशी वडिलांनी सफरीवरून आणलेल्या एका इंग्रजी पुस्तकामुळे. जुन्या काळच्या एका गोऱ्या कप्तानाची गोष्ट, पुठ्ठा गेलेला, पहिली सहा पानं गळालेली.

तेच पुस्तक त्या आता ट्रस्टच्या शाळेत, शेवटच्या तासाला, खलाशांच्या पोरांबरोबर वाचतात. दिवसाला एक पान. नियमही एकच: "खटकलं की थांबायचं. न समजता पुढे गेलात तर कान उपटीन." त्यामुळे पानापानावर भांडणं. कप्तानाने गोडं पाणी पुरेसं भरून घेतलं की नाही, यावर एक अख्खा तास गेला होता.

ट्रस्टी मूळजीशेठ कापसाचे व्यापारी. त्यांना हे पसंत नव्हतं. "हेमीबेन, परीक्षा तोंडावर आलीय आणि तुम्ही गोष्टी काय वाचत बसलाय? सोमवारपासून या तासाला गाईड उतरवून घ्या."

"शेठ, एकदा पोरांचं वाचन ऐका तरी."

"ऐकतो. पण पोपटपंची चालायची नाही. पान मी काढणार."

शुक्रवारी शेठ येऊन बसले. हेमीबेनना सकाळपासून घास गिळवत नव्हता. वीस वर्षं जपलेला हा एक तास. तो गेला तर आपण पुन्हा दोनदा नापास झालेली बाईच, हा विचार त्यांना खात होता.

शेठनी पुस्तक पार पुढे उघडलं.

"तिथवर आम्ही पोचलोच नाही, शेठ."

"तेच तर हवंय."

पाळी सकीनाची होती. बाप नाखुदा, म्हणजे जहाजाचा कप्तान; पोरगी अकरा वर्षांची. ओळीखाली बोट धरून ती सावकाश वाचू लागली. वादळ उठलं. वारा जमिनीकडे सुटला. कप्तानाने जहाज किनाऱ्याकडे वळवलं. आणि सकीना थांबली.

"का गं? एवढ्यात दम संपला?" शेठ म्हणाले.



"दम नाही संपला. खटकलं," सकीना म्हणाली. "हा कप्तान वेडा आहे. वारा किनाऱ्याकडे ढकलतोय आणि हा जहाज किनाऱ्याकडेच नेतोय!"

"मग? वादळात माणूस घराकडेच पळणार ना?"

सगळा वर्ग खो खो हसला. "शेठ, तुम्ही माझ्या बापाच्या जहाजावर चढू नका हं!" मागच्या बाकावरून लखू ओरडला.

"असल्या वाऱ्यात किनारा म्हणजे मरण, शेठ," सकीनाने समजावलं. "खडकावर आपटून चिंधड्या होतात. शीड उतरवायचं, खोल पाण्यात राहायचं आणि वाट बघायची. माझ्या अब्बांना विचारा."

"आता मेला हा!"

"नाही मरत, नांगर टाकेल!"

"एवढ्या लाटांत नांगर धरेल तुझा?"

भांडण जुंपलं. लखूने तर येऊन शेठच्या नाकासमोर पुस्तक धरलं आणि वारा कुठून सुटला होता ती ओळच बोटाने दाखवली. वर्गाला गप्प करायला उठलेल्या हेमीबेन पुन्हा खाली बसल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"शेठ," त्या म्हणाल्या, "पान उलटा."

शेठनी पान उलटलं. चार ओळी मनात वाचल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचल्या.

"फुटलं," ते हळूच म्हणाले. "खडकावर आपटून फुटलं."

असा जल्लोष झाला की शेजारच्या वर्गातले मास्तर धावत आले. बिचाऱ्या कप्तानाचं जहाज बुडालं होतं आणि पोरं बाकांवर नाचत होती!

"मग? कप्तान वाचला का?" शेठनी विचारलं.

"वाचा ना तुम्हीच," सकीनाने बजावलं. "पण खटकलं की थांबायचं."

शेठ लखूशेजारी बाकावर टेकले आणि मोठ्याने वाचू लागले. तिसऱ्या ओळीला थांबले. पोरांनी त्यांना समजावलं. घंटा झाली तेव्हा जेमतेम अर्धं पान झालं होतं.

"शेठ, सोमवारी गाईड कुठून घ्यायचं?" हेमीबेननी विचारलं.

"गाईड राहू द्या," शेठ म्हणाले. "इथं खूण घालून ठेवा. आणि मी येईपर्यंत पुढचं वाचायचं नाही."