माझ्या हातची गाडी परत येत न्हाई

गॅरेजात भंगार साचतं तसेच किस्से साचतात. भंगार निदान वजनावर जातं. किस्से न्यायला कोणी येत न्हाई, म्हणून मीच वाटून राहिले.

लातूर वेगळा जिल्हा झाला. हापिसं आली, हापिसांमागं छोट्या मोटारी आल्या, आणि पाऊस तेवढा आला न्हाई. नांदेड रोडला आमचं पत्र्याचं गॅरेज. आमच्या यांचा उजवा हात मशीनमध्ये गेला आणि पाना मी उचलला. शिकवलं कोणी न्हाई. जुना शॉकअप फोडला, आत काय हाय ते बघितलं, झालं. आत तेल, भोवती स्प्रिंग. खड्ड्याचा दणका चाकावरचं हे नळकांडंच गिळतं.

थोरल्या दिरांना त्या जागेत सिमेंटचं दुकान टाकायचं होतं. चार लोकांसमोर म्हणाले, "ज्या दिवशी तुझ्या हातची गाडी तक्रार घेऊन परत येईल, त्या दिवशी शटरची किल्ली मला द्यायची."

"देईन भावजी," मी म्हणाले. "तोवर माझ्या कामात नाक खुपसू नका."

तेव्हापासून भावजी रोज समोरच्या हॉटेलात चहा पीत बसायचे. चहासाठी न्हाई, परत येणाऱ्या गाडीसाठी.

*

नव्या हापिसातले एक साहेब गाडी घेऊन आले. इकडं तिकडं बघत म्हणाले, "मिस्त्री कुठाय?"

"तुमच्या गाडीखाली," मी खालूनच म्हणाले.

साहेबांनी वाकून बघितलं तर जोडवी घातलेले पाय. ते सरळ उभे राहिले आणि परत म्हणाले, "न्हाई, पण मिस्त्री कुठाय?"

"मिस्त्री म्हणतोय, शॉकअपवर तेलाचा ओघळ आलाय. तुम्हाला मिस्त्री पायजे का शॉकअप?"

साहेब स्टुलावर बसले.

*

नांदेडचे एक ठेकेदार. दुष्काळी कामावर खडी टाकायचे, त्या खडीवरनं स्वतःचीच गाडी पळवायचे. मी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला आणि सोडलं.

"बाई, गाडीला काय करून राहिल्या?"

"विचारून राहिले तिला."

चांगला शॉकअप असला की गाडी वर येते आणि थांबते. यांची गाडी वर, खाली, परत वर, मान डोलवतच राहिली.

"काय म्हणती?" ठेकेदारांनी विचारलं.

"तुमच्या रस्त्याबद्दल बोलती. बाईमाणसानं सांगण्यासारखं न्हाई."

दोन्ही बाजूचे बदलून दिले. गाडी परत आली न्हाई. ठेकेदार मात्र आले, भावाची गाडी घेऊन.

*

उदगीरचे एक किराणा व्यापारी, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलायला गोड. त्यांच्या गाडीचा डावा शॉकअप गळत होता.

"अक्का, डावाच बदला. उजवा चांगला हाय."

"जोडी बदलायची असते मालक. एक नवा, एक थकलेला, गाडी एका अंगाला ओढती. एक चप्पल नवी, एक झिजलेली घालून बसता का दुकानात?"

त्यांनी जरा विचार केला. "दुष्काळात बसतो."

मी त्यांची एक चप्पल काढून घेतली आणि म्हणाले, "पानटपरीवरनं माझ्यासाठी पान आणा."

गेले बिचारे, एका पायात चप्पल. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. नाचत नाचत परत आले, पान माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "दोन्ही टाका."

*

शॉकअप बदलताना खरी भीती स्प्रिंगची. शिकंज्यांनी ती दाबून धरायची, मगच वरचा नट ढिला करायचा. शिकंजा सटकला तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते. शेजारच्या गॅरेजचे रज्जाकभाई शिकंजे देताना म्हणाले, "भाभी, स्प्रिंग के सामने मुंडी नक्को रखो."

मी ठेवली न्हाई. बाकी अख्ख्या नांदेड रोडनं ठेवली. बाई काम करतीय म्हटल्यावर बघायला गर्दी, आणि सगळ्यांची तोंडं बरोबर स्प्रिंगवर.

"उभं राहा हवं तर," मी म्हणाले, "फक्त घरचा पत्ता सांगून ठेवा. निरोप कुठं धाडायचा ते कळलं पायजे."

सगळ्यात आधी भावजी सरकले. त्यांचा पत्ता तर मला तोंडपाठ होता.

*

आणि एक दिवस गाडी परत आली.

डॉक्टरांची. भावजींच्या गल्लीतलेच. नांदेडला जायच्या आधी पुढचे दोन्ही शॉकअप मीच नवे टाकले होते. आता गाडीचं नाक वर, बूड खाली, आणि झोके घेत दारात येऊन थांबली.

भावजी चहा तसाच टाकून आले. "आली का न्हाई?" म्हणाले आणि हात पुढं केला. मागं हॉटेलातली माणसं.

आमचे हे आतून उठून बाहेर आले. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"दुखणं बघू द्या, मग किल्ली," मी म्हणाले. बॉनेटवर जोर दिला, सोडलं. गाडी वर आली आणि थांबली. मागं गेले. मागं जोर देऊन गाडी दबेचना. आधीच टायरपर्यंत टेकलेली.

"डॉक्टरसाहेब, डिक्की उघडा."

डॉक्टरांनी गर्दीकडं बघितलं. "ताई, इथं नको."

"इथंच."

उघडली. वर सतरंजी. सतरंजीखाली फडकी बांधलेल्या घागरी, कळशा, हंडे, सगळे गळ्यापर्यंत भरलेले. नांदेडचं गोदावरीचं पाणी. गर्दी आणखी जवळ सरकली. तेव्हा लातुरात सोनं उघड्यावर न्यायचे, पाणी झाकून.

"माझं यात एकच भांडं हाय," डॉक्टर हळूच म्हणाले. "बाकीचं शेजाऱ्यांनी दिलं भरून आणायला. न्हाई म्हणवेना."

मी पुढची मोठी घागर उजेडाकडं फिरवली. आमच्याकडं भांड्यावर मालकाचं नाव आणि मूळ गाव कोरायची पद्धत. मी शाळेत गेलेली न्हाई, अक्षराला अक्षर लावून वाचते. थोरल्या दिराचं नाव आम्ही बाया तोंडानं घेत न्हाई. मी घेतलं. सावकाश, हॉटेलापर्यंत ऐकू जाईल असं.

"के-र-बा धों-डि-बा, लो-हा."

तिच्या शेजारच्या दोन्ही कळशांवरही तेच नाव होतं. तेही वाचलं.

भावजींचा हात अजून पुढंच होता. मी घागर उचलून त्यात दिली.

"धरा भावजी. सांडू नका."